निकालाआधीचा गुन्हेगार

विमा संपल्यामुळे गेनूकाकांची जीप आठवडाभर दारातच उभी होती. नव्या विम्याच्या फॉर्मवर प्रश्न होता, ‘वाहन चालवताना काही गुन्हा?’ भरधाव जीप चालवल्याची केस कोर्टात चालू होती, पण निकाल लागला नव्हता. हो लिहावं की नाही, काकांना उमगेना. त्यांनी विमा कचेरीत जाऊन खरं ते साहेबांना सांगितलं.

“केस आहे म्हणजे तुम्ही गुन्हेगारच. विमा मिळणार नाही,” कारखानीस साहेब म्हणाले.

काका गोंधळले. “मग साहेब, जीपची काच फुटल्याच्या भरपाईचा माझा अर्ज वर्षभर तुमच्याकडं निकालाविना पडून हाय. भरपाई मिळाली असं धरू का?”

“निकालाआधी मिळाली कशी म्हणता?”

“मलाबी तेच कळंना. निकालाआधी मी गुन्हेगार कसा?”

साहेबांनी फॉर्म ओढला, ‘केस चालू, निकाल बाकी’ असं लिहिलं आणि मंजुरीचा शिक्का मारला.