सुभानानं लावलेली बाग

मुद्दाम केलं म्हणतोय व्हय तो साहेबाचा शिपाई? आरं, मुद्दाम करायला डोस्कं लागतं! समोर असता तर दोन ठिवून दिल्या असत्या त्याला. तू बस हितं, पयल्यापास्नं ऐक.

तालुक्याच्या कडंला एक भोळा गडी व्हता, सुभाना त्याचं नाव. घर कचरा डेपोला चिकटून. ताटात भाकरीपरीस माशा जास्त. बायको छबू वैतागली. "हितं बाग झाली की यीन," म्हणाली आन् गाठोडं घिऊन म्हायेरी गेली.

आन् खरंच की डेपो बंद झाला! कचऱ्याच्या डोंगरावर माती टाकून बाग करायचं ठरलं. सुभाना पळतच कामावर गेला.

जयसिंग मुकादम म्हणाला, "कचरा दिसला की मातीखाली घाल."

"घालतो."

दुपारी मुकादम जेवायला बसला. भाकरी गायब.

"पेपरात गुंडाळलेलं कुठाय रं?"

"पेपर म्हंजी कचरा. पुरला."

"आरं, माझी भाकरी व्हती! आधी वास घ्यावा. घाण आली तरच कचरा."

"बरं झालं सांगितलंत."

दुसऱ्या दिवशी गुलाबासाठी शेणखताची ट्रॉली आली. सुभानानं वास घेतला. नाक धरलं. दिवसभर खड्डा काढला आन् सगळं खत गडप केलं.

"खत पुरतोस व्हय, गाढवा!" मुकादम नाचाया लागला. "वास सोड! रंग बघ. हिरवं दिसलं की खड्ड्यात उभं लाव आन् पाणी घाल."

मग आली बाकडी. लोखंडी, हिरवीगार. सुभानानं एकूण एक बाकडं उभं लावलं. मन लावून पाणी घातलं. एक म्हातारा टेकायला आला, बाकड्याभवती तीनदा फिरला आन् घरी गेला.

"खड्ड्यातलं सगळं उपट!" मुकादम वरडला.

सुभानानं बाकडी उपटली. शेजारची करंजाची रोपंबी उपटली. तीबी खड्ड्यातच व्हती की!

मुकादमाला रडू फुटलं. "सुभाना, तुझ्या पाया पडतो. एकदा खड्ड्यात गेलं की उपटायचं न्हाई. माती सारायची, पायानं दाबायची, पाणी सोडायचं. शेंडा उघडा ठिवायचा, फांदी मोडायची न्हाई. कुणी उपटाया आलं तर हाकलायचं. ध्यानात ऱ्हाईल?"

"जीव गेला तरी!"

उद्घाटनाचा दिस उजाडला. दाराला लाल रिबन. छबूबी आली, डोक्यावर गाठोडं. रिबनीच्या भाएर थांबली. "ही कापली म्हंजी बाग झाली. तवर मी आत पाय ठिवनार न्हाई."



उद्घाटनाला आलेल्या साहेबानं कात्री उचलली. फोटोवाला म्हणाला, "साहेब, जरा मागं. आजून मागं." मागं वडाच्या रोपासाठी खड्डा. खालचा कचरा भुसभुशीत. साहेब खांद्यापतूर आत!

"मला काढ रं!"

सुभानानं खोरं उचललं. माती सारली. पायानं दाबली.

"आरं, काय करतोस?"

"बोलू नगा साहेब, मुळं हालत्यात."

वर पाईप सोडला. डोस्कं आन् कात्रीचा हात तेवढा भाएर ठिवला. फांदी मोडायची न्हाई ना! मुकादम धावला, त्याला खोऱ्यानं हाकललं. शिपाई धावला, त्यालाबी.

छबू रिबनीपल्याडनं वरडली, "आवं, कापताय का जाऊ माघारी?"

"दम धर की! आधी रुजू तर दे!"

तवापास्नं ती भाएर, हा आत, साहेब मातीत. दात काय काढतोस? ऊठ! साहेबाला हात लावू नगंस, सुभाना खोरं घालंल. ती रिबनच सोड आन् साहेबाच्या कात्रीपाशी ने.