म्हाळसाची भिंत

“चित्र माझ्या चित्रशाळेत आलं पाहिजे. पण भिंतीचा टवकाही उडता कामा नये आणि नक्कलही चालणार नाही,” राजा केसरीसेनानं फर्मावलं. “आठ दिवसांत जमलं तर तू दरबारची चितारीण. नाही जमलं तर तुझ्याच हातानं ती भिंत सारवून टाकायची.”

समोर उभी होती म्हाळसा, राजवाड्यात रोज दूध घालायला येणारी गवळ्याची लेक. गेरू, चुना आणि काजळी घेऊन तिनं हौसेनं गोठ्याची अख्खी भिंत रंगवली होती. आता पोट भरायचं ते ह्याच कामावर, असं तिच्या मनानं घेतलं होतं, म्हणून ती चित्रशाळेत जागा मागायला आली होती. दरबारी चितारी नारोपंत फिदीफिदी हसले. गोठ्यातली हौस गोठ्यातच बरी, असं त्यांनी न विचारता सांगून टाकलं. नारोपंत गप्प बसलेले कुणी पाहिलेच नव्हते.

म्हाळसानं भिंतीला बोटही लावलं नाही. आठव्या दिवशी तिनं गायी बाहेर बांधल्या, जमीन सारवली, भिंतीसमोर एक पाट मांडला आणि महाराजांना निरोप धाडला, की चित्र चित्रशाळेत लागलं आहे, बघायला यावं.

राजानं आपली चित्रशाळा पालथी घातली. चित्राचा पत्ता नाही! तणतणत तो नारोपंतांना घेऊन गोठ्यात आला. भिंत जागच्या जागी. आता तो ओरडणार, इतक्यात त्याची नजर चित्रावर गेली. दाव्याला हिसडा देऊन आईकडे झेपावणारं वासरू, त्याला चाटायला वळलेली गाय. राजा पाटावर टेकला आणि बघतच राहिला.

म्हाळसा हळूच नारोपंतांजवळ सरकली आणि अगदी भाबडा चेहरा करून, माझं काय चुकलं ते सांगा म्हणाली. नारोपंतांना तेवढंच हवं होतं. शेपूट लांब, शिंगं वाकडी, गेरू भडक, अशी त्यांची टकळी सुरू झाली.

चित्र बघताना कुणी बोललेलं राजाला खपत नसे. मान न वळवता तो खेकसला, “गप्प बसा नारोपंत! चित्रशाळेत बोलायचं नसतं, किती वेळा सांगायचं?”

म्हाळसानं वाकून मुजरा केला. “महाराज, मी ह्या गोठ्याला चित्रशाळा म्हटलं असतं तर सारा दरबार हसला असता. आता आपणच म्हणालात. चित्र चित्रशाळेत आहे, भिंतही शाबूत आहे. का राजाचा शब्द मागं घ्यायचा?”

राजा असा खदखदून हसला की बाहेरच्या गायी बिचकल्या. आपली ही खोड हिला कशी ठाऊक, असं त्यानं विचारलं.

“रोज दूध घालायला येते ना, महाराज. आपला आवाज मुदपाकखान्यापर्यंत ऐकू येतो.”

राजाला पुन्हा हसू फुटलं. गोठा आजपासून आपली दुसरी चित्रशाळा आणि म्हाळसा तिची चितारीण, असं त्यानं तिथंच जाहीर केलं.

“मग माझ्या गायींनी जायचं कुठं?” म्हाळसानं विचारलं.

“त्यांना नवा गोठा बांधून देऊ. नारोपंत जातीनं लक्ष घालतील.” राजा दारापर्यंत गेला आणि वळला. “आणि हे बघ, त्या गोठ्याच्या भिंती रंगवशील त्या मजुरी घेऊन. हौस पुरे झाली.”