धुळबानं बंद केलेली गळती

एका नगरपालिकेच्या गावात एक भोळा पाणी सोडणारा होता. नाव धुळबा. टाकीखालचा व्हॉल्व्ह सकाळी उघडायचा, दुपारी बंद करायचा, एवढंच त्याचं काम. व्हॉल्व्हची लांब लोखंडी चावी अख्ख्या गावात एकच. ती त्याच्या खांद्यावर असायची, मारुतीच्या गदेसारखी.

नोकरी हंगामी. बायको सुंद्रा रोज बजावायची, "साहेब सांगतील ते ऐकत जावा. कायम झालात तर आपल्याबी दारात नळ येईल."

धुळबा ऐकायचा हो. तिथंच तर घोळ झाला.

एकदा बाजारात पाइप फुटला. धुळबा सांगायला कचेरीत गेला. पाणीखात्याचे गायधनी साहेब मिटिंगमध्ये होते. हा बाकावर शहाण्यासारखा बसून राहिला. दोन तासांनी म्हणाला, "साहेब, पाणी चाललंय."

"अरे बैला, गळताना दिसलं की आधी चिंधी आवळायची, मग तोंड उघडायचं!"

"बरं साहेब."

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या घरी निरोप द्यायला गेला. दारात साहेबांच्या सासूबाई बसलेल्या. सर्दीनं नाक गळत होतं. धुळबानं खिशातली चिंधी काढली, नाकावर गच्च आवळली, आणि मग हात जोडून म्हणाला, "रामराम आजी."

साहेब कडाडले, "कुठंही हात घालण्याआधी समोरच्या माणसाला विचारावं!"

"बरं साहेब."

पुढं चार दिवसांनी वेशीपाशी मोठा पाइप निखळला. बायका हंडे घेऊन धावल्या. धुळबा चिंधी घेऊन उभा. "मावशी, बंद करू का?"

"हात तर लावून बघ, मुडद्या!"

म्हैस धुणाऱ्यालाही विचारलं. तोही म्हणाला, "थांब की, शेपूट राहिलंय." धुळबा थांबला. शेपूट झालं तोवर टाकी रिकामी.

साहेबांचा आवाज बसला. "विचारतोस कसला! गळती दिसली की सरळ टाकीचा व्हॉल्व्ह बंद! आणि गळती थांबल्याशिवाय उघडायचा नाही. कुणी पाया पडलं तरी नाही!"

"बरं साहेब."

मग एका सकाळी जिल्ह्याचे अधिकारी गळती तपासायला आले. साहेबांनी बजावलं, "आज चुकलास तर घरी." धुळबा भिंतीला चिकटून उभा राहिला. शिपायानं चहा आणला. किटली जुनी. बुडातून थेंब पडला. टप्. आणखी एक. टप्.

धुळबा पळतच सुटला.

अधिकाऱ्यांनी चहा संपवला, बाहेर येऊन नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला. दुसरा सोडला, तोही तसाच. तेवढ्यात धुळबा चावी घेऊन परत आला, तसे साहेब लालबुंद झाले. "धुळब्या, चालता हो! पुन्हा मला तोंड दाखवू नकोस!"

"बरं साहेब." धुळबा घरी गेला. खांद्यावर चावी होतीच.

दुसऱ्या दिवशी गायधनी साहेब सुंद्राच्या दारात उभे. पारोसे. मागं रिकाम्या हंड्यांची ही रांग.

धुळबा तोंडावर टॉवेल गुंडाळून बाहेर आला.

"धुळबा, बाबा, तुला कायम करतो. तुझ्या दारात नळ देतो. पाया पडतो, पण व्हॉल्व्ह उघड!"

टॉवेलातून आवाज आला, "उघडतो की. पण साहेब, किटली गळायची थांबली का?"