सगळ्यांची नाडी बहात्तर

व्यायामशास्त्राच्या आमच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिकाची वही आदल्या वर्षीच्या वहीवरून उतरवायची पद्धत होती. नव्या प्राध्यापिका केतकी गुर्जरांनी खऱ्या माणसांवर सरावाचे तास मागितले, तेव्हा विभागप्रमुख शेजवलकर सर हसले. "बाई, तीस वर्षं मुलं वहीतूनच शिकली."

"मग ट्रेडमिलवर चढा, सर. वर्गात पहिली आलेली तुम्हाला तपासेल."

पहिली मीच होते. सर ऐटीत चढले आणि पाच मिनिटांत धापा टाकू लागले. "नाडी किती गं?" सरांनी मला विचारलं.

मी वही उघडली. "बहात्तर. वहीत सगळ्यांची बहात्तरच असते."

"म्हणजे सर ठणठणीत आहेत," बाई शांतपणे म्हणाल्या. "वेग वाढव."

"थांबवा." सरांनी खाली उतरून मनगट पुढे केलं. "बाई, हिला आत्ताच शिकवा."