तपासायला दिलेला लेख

"माझा लेख तपासायला कोणाकडे दिला होतास?"

उपासनी सरांनी हे विचारलं, तेव्हा हेमराज बोंडे त्यांच्या सत्कारासाठी चंदनाचा हार घेऊन पुढे उभा होता. टपालाने कालच आलेला अंक सरांच्या मांडीवर होता.

शिलालेखांवरचं हे त्रैमासिक सरांनी उभं केलं आणि थकल्यावर या शिष्याच्या हाती सोपवलं. शिष्य कडक निघाला. दोन जाणकारांनी तपासल्याशिवाय तो कुणाचाही लेख छापत नसे. भल्याभल्यांना त्याने 'साभार परत'चा प्रसाद दिला होता, आणि त्याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता.

"तुमचा लेख कोण तपासणार, सर?" हेमराज हसून म्हणाला. "आला तसा पहिल्या पानावर घेतला."

"तू तरी वाचलास?"

हेमराज हातातला हार नीट करू लागला.

सरांनी अंक त्याच्या हातात दिला. "मग आता वाच. मोठ्याने."

दुसऱ्याच वाक्याला हेमराज अडखळला. ज्या शिलालेखावर लेख होता, तो आमनेरच्या विहिरीत असल्याचं सरांनी लिहिलं होतं. तो होता पिंपळखुट्याच्या देवळात. विद्यार्थी असताना त्या दगडावरचा चुना हेमराजनेच खरवडून काढला होता, आणि सर शेजारी कंदील धरून उभे होते.

"चुकलंय?"

हेमराजने मान खाली घातली.

"हल्ली गावांची नावं एकमेकांत मिसळतात," सर म्हणाले. "डोकं शाबूत आहे की नाही, हे घरात विचारायचं कुणाला? म्हणून लेख पाठवला. काल अंक आला तेव्हा हायसं वाटलं. म्हटलं, दोघांनी तपासलाय... म्हणजे आहे अजून."

हेमराजला रडू आवरेना. पुढच्या अंकात मुद्रणदोष म्हणून दुरुस्ती छापतो, तुमच्या नावाला धक्का लागू देणार नाही, असं तो कसंबसं सांगू लागला.

"चूक माझी आहे, तसंच छाप. न वाचता छापलंस, तेही छाप."

हार हेमराजच्या हातातच होता. काय करावं न सुचून त्याने तो सरांच्या गळ्यात घालायला हात पुढे केले.

सरांनी ते हलकेच बाजूला सारले आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे गेल्या वर्षी वारलेल्या काकूंचा फोटो होता.

"तो हिच्या फोटोला घाल," सर म्हणाले. "हिच्याही चुका आता कुणी काढत नाही."