झोपून उठलं की हिरवं

झाडांचं बोलणं माणसांना अजून कळायचं, तेव्हाची गोष्ट. कुमुदकाकूंच्या पाळणाघरात पोरांनी दह्याच्या रिकाम्या डब्यांत वाल पेरले. ज्याच्या त्याच्या डब्यावर ज्याचं त्याचं नाव. कोंब आले, पानं फुटली आणि पोरं खेळात रमली. पाणी घालायचं राहून गेलं. छोट्या रेवाचं रोप वाळून गेलं.

दुपारी पोरं झोपल्यावर काकूंनी ते उपटून केरात टाकलं. मागच्या कुंडीत लपवून वाढवलेलं दुसरं रोप आणून त्याच डब्यात लावलं.

गॅलरीतल्या मोगऱ्याला राहवलं नाही. "काकू, मेलं ते मेलं. दाखवा तिला. रडू दे एकदा."

"रडू दे?" काकू फणकारल्या. "संध्याकाळी आई न्यायला येईल, तिच्यापुढे रडकं पोर उभं करू? तू आपला गप फुलत राहा."

मग तेच सुरू झालं. रोपानं मान टाकायची, पोरांनी झोपायचं, आणि उठून बघावं तर डबा हिरवागार.

ऐन उन्हाळ्यात रेवाच्या डब्यातला वाल पार कोमेजला. ती झारी घेऊन खेळत जवळ आली, तसा तो कसाबसा म्हणाला, "रेवा, घोटभर पाणी दे गं. जीव चाललाय माझा."

रेवानं झारी खाली ठेवली आणि त्याच्या पानावरून हात फिरवला.

"घाबरू नकोस. मी झोपून उठले ना, की तू हिरवा होतोस."

आणि त्याला लवकर बरं वाटावं म्हणून, त्या दिवशी कुणी न सांगताच ती झोपायला गेली.