कड्यावरचे मूळ

पूर्वी हेमवती नगरीत राजा वीरसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी हत्तींच्या वैद्याच्या कुळात जन्म घेतला होता. त्यांना मेखला नावाची नऊ वर्षांची मुलगी होती.

एकदा राजाचा लाडका हत्ती गिरिदंत पोटदुखीने आडवा झाला. सूर्यास्तापूर्वी जो त्याला उभा करील त्याला एक गाव इनाम, असे राजाने जाहीर केले. बोधिसत्त्व हत्तीचे पोट चोळीत बसले आणि मेखलेला म्हणाले, "बाळ, कड्यावरच्या शंखवेलीचं मूळ घेऊन ये. कड्यावरचंच आण हं."

मेखला निघाली खरी, पण कडा उंच आणि ऊन कडक. अर्ध्या वाटेवर ओढ्याकाठी तिला अगदी तशीच वेल दिसली. तेच पान, तोच वास. तिने तिथलेच मूळ उपटले, ओढ्यात मनसोक्त पाय बुडवले आणि घाईघाईने परतली.

"कड्यावरचंच ना?" वडिलांनी विचारले.

"हो, तात."

त्यांनी पुन्हा विचारले नाही. मूळ वाटले, काढा केला आणि वाटी स्वतःच्या ओठांकडे नेली.

"तुम्ही का पिता?" शेजारी उभ्या असलेल्या राजाने विचारले.

"महाराज, ओढ्याकाठीही अशीच वेल उगवते. ती विषारी असते. हत्तीला देण्याआधी मी घोटभर घेतो. पण काळजी नको, हे मूळ माझ्या मुलीने आणलंय."

 सारा दरबार भोवती उभा होता. मेखलेने धावत जाऊन वडिलांचा हात धरला. "तात, पिऊ नका! मी कड्यावर गेलेच नाही. मी खोटं बोलले."

राजा संतापला. बोधिसत्त्वांनी वाटी शांतपणे मातीत ओतली. "महाराज, ओढ्याकाठची वेल विषारी असते हे मी तिला सांगितलं नव्हतं. ती चूक माझी."

अमात्य त्यांच्या कानाशी लागला. "वैद्यराज, सुंठीचं पाणी पाजा आणि तेच औषध म्हणून सांगा. हत्ती आपोआप उठला तर गाव तुमचं!"

"जे औषध नाही, त्याला मी औषध म्हणणार नाही," बोधिसत्त्व म्हणाले आणि मुलीचा हात धरून कड्याकडे निघाले.

 वाटेत मेखलेने विचारले, "तात, रागावलात?"

"मूळ मी घोट घेऊन पारखतो," ते म्हणाले. "तुझा शब्द तपासायला माझ्याकडे काहीच नाही, बाळ. तो मी तसाच घेतो. आज तू हात धरलास, म्हणून उद्याही तसाच घेईन."

मेखला डोळे पुसून पुढे धावली आणि सगळ्यांत वरचे मूळ तिनेच खणले.

ते परतले तेव्हा सूर्य बुडून गेला होता. गाव गेले. पण काढा पोटात जाताच गिरिदंताने असा काही वारा सोडला की अमात्य चार पावले मागे सरला. मग हत्ती उठला आणि राजाचे पागोटे सोंडेने उचलून त्याने मेखलेच्या डोक्यावर ठेवले. ते तिच्या नाकापर्यंत उतरले. राजासुद्धा पोट धरून हसला.

पूर्वजन्मीची ही कथा सांगून भिक्षूंचे गुरू शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आज आपल्याला भोजन देणारा हा गृहस्थ. अमात्य म्हणजे त्याचा कारभारी. गिरिदंत म्हणजे मागे डुलक्या घेणारे आपले स्थूल भिक्षू. मेखला म्हणजे ही समोर बसलेली तरुण भिक्षुणी आणि तिचा पिता मीच होतो. आपली लाज राखण्यापेक्षा दुसऱ्याचा जीव राखणारा तो खरा शब्द, त्यालाच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात."